खिळ्यावर टांगलेली चकती

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते. सगळ्यांच्याच नाही. पण माझ्या वाट्याला आलेली बहुतेक बोटे तेलकट, चिकट आणि अतिशहाणी होती. तेल स्पिरिटने निघते. अतिशहाणपणावर अजून कुठले स्पिरिट निघालेले नाही.

माझी बनावट आधी समजून घ्या, नाहीतर पुढची घाण तुम्हाला कळायची नाही. माझ्यासारख्या कॅमेऱ्यात फोटो काढणारा माणूस लेन्समधून बघतच नाही. तो बघतो वरच्या एका लहान खिडकीतून. त्या खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकोन आहे. त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. लेन्स फिरवली की ती दोन चित्रे एकमेकांकडे सरकतात आणि तंतोतंत एकावर एक बसली की अंतर जुळले असे समजायचे. याला रेंजफाइंडर म्हणतात. लेन्सची पाठ आतल्या एका चिमुकल्या चाकाला ढकलते आणि ते चाक खिडकीतले चित्र हलवते, एवढीच त्या दोघींची ओळख. खिडकी सांगते आणि लेन्स करते. दोघींचे एकमत आहे तोवर संसार सुखाचा चालतो. एकमत मोडले की खिडकी म्हणते ‘जुळले’ आणि लेन्स भलतीकडेच बघत बसते. बाहेरून काही कळत नाही. फोटो धुऊन वाळला की कळते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या एका कामगार बाईंनी माझी लेन्स मोजली, पुन्हा मोजली आणि लेन्स व तिची बैठक यांच्यामध्ये एक पितळी चकती ठेवली. बांगडीसारखी गोल, मधून पोकळ आणि कागदाइतकी पातळ. लेन्स घडताना थोडी मागेपुढे होतेच. ती उणीव ही चकती भरून काढते. माझ्यासाठी निवडलेली चकती दुसऱ्या कुणाला चालली नसती. ती बसवताना त्या बाईंनी श्वास रोखून धरला होता. मला वाटले, जगातली सगळी माणसे अशीच असणार. मी नवा होतो, मला काय माहीत!

तिथून मी एका फोटोग्राफरकडे आलो. गिऱ्हाइके त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणतो. त्यांचा स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. एक मोठी खिडकी, एक स्टूल, मागे राखाडी पडदा. काका मला हात लावण्याआधी दारामागच्या टॉवेलला हात पुसत. माझ्या लेन्सवर त्यांचे बोट एवढ्या वर्षांत एकदाही पडले नाही. त्यांचा नियम एकच होता. चेहऱ्यावरचा जो डोळा कॅमेऱ्याला जवळ, त्याच्यावर अंतर जुळवायचे. पापणीचा केस न् केस दिसला पाहिजे, मग बाकीचा चेहरा आपोआप बोलतो, असे ते म्हणत.

आतल्या खोलीत काकू असत. फोटो धुणे, दोरीला चिमटे लावून वाळवणे आणि भिंगाखाली धरून बारीक कुंचल्याने त्यावरचे पांढरे ठिपके भरणे, हे सगळे काम त्यांचे. जीभ मात्र कुंचल्यापेक्षा जाड. “या माणसाच्या नाकाला मी काय करू, नाक त्याने स्वतःच आणलंय,” असे त्या आतून ओरडत आणि काका बाहेर खोकल्याचे सोंग करत. लोक लांबून यायचे. आमच्याकडचे फोटो हातात धरून म्हणायचे, “डोळे बघ कसे जिवंत आहेत!” काका मला पुसून खिळ्याला टांगायचे. त्या भिंतीवर शेजारी-शेजारी दोन खिळे होते. एक माझा. दुसरा रिकामा असे. त्या दुसऱ्या खिळ्याबद्दल पुढे सांगतो.

एकदा काका न्हाणीघरात पाय घसरून पडले. कंबर धरली. डॉक्टरांनी उठायचे नाही असे बजावले. काकू त्यांच्या सेवेत गुंतल्या आणि मला कातडी पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी, ओलसर चपलांच्या शेजारी ठेवण्यात आले. बाहेर पाऊस, आत दमट अंधार. माझ्या लेन्समध्ये बुरशी धरली. शी! पांढरे, बारीक, फाटे फुटलेले तंतू माझ्या काचेवर पसरत होते आणि मला खाजवताही येत नव्हते. चपलांचा वास वेगळाच. यात काकूंचा दोष नाही. दोष सुरू होतो तो यानंतर.

काकांना एक धाकटा भाऊ होता. जगात अशी एकही गोष्ट नव्हती जी त्याला येत नव्हती, फक्त त्याने केलेली कुठलीच गोष्ट पुन्हा चालू होत नव्हती. काकू त्याच्या तोंडावर त्याला भावजी म्हणत आणि पाठीमागे सर्वज्ञ. सर्वज्ञ मला बघून म्हणाला, “वहिनी, दादा उठेपर्यंत मी कॅमेरा चकाचक करून ठेवतो. त्यात काय आहे एवढं!”

मित्रांनो, त्याने नुकतेच काहीतरी तळलेले खाल्ले होते. त्याच बोटांनी त्याने मला धरले. लेन्स सोडवायला योग्य हत्यार नव्हते, म्हणून कात्रीचे टोक खुपसले. काचेवर ‘हाऽऽ’ करून तोंडाची वाफ सोडली. त्या वाफेत तो सगळा नाश्ता होता. मग खिशातून रुमाल काढला. त्या रुमालाने त्याने सकाळपासून घाम पुसला होता आणि नाकही पुसले होते. त्याने मला पुसले. बुरशी निघाली, कबूल आहे. पण त्यापेक्षा बुरशी बरी होती.

पुन्हा जोडून झाल्यावर टेबलावर एक वस्तू उरली. माझी पितळी चकती. सर्वज्ञाने ती उजेडात धरली, तिच्यातून एका डोळ्याने पलीकडे बघितले आणि स्वतःशीच म्हणाला, “ही एक जास्तीची निघाली. कंपनीवाले उगाच भरताड घालतात.” टाकून द्यायला त्याचे मन झाले नाही, पितळ होते ना! त्याने ती भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली आणि शेजारच्या खिळ्याला मला टांगले.

तेव्हापासून माझाच अवयव माझ्या शेजारी लोंबत होता. वारा आला की किणकिण वाजायचा. येणारा-जाणारा बघायचा. काकूंना वाटायचे पडद्याची जुनी कडी असेल. मला तोंड असते तर मी पहिल्यांदा ओकलो असतो आणि मग ओरडलो असतो.

काका बरे झाले. मला हातात घेऊन त्यांनी लेन्स उजेडाकडे धरली आणि खूश झाले. “छान स्वच्छ केलीस रे,” असे भावाला म्हणालेसुद्धा! मग पहिले गिऱ्हाईक आले, काकांनी खिडकीतून डोळा जुळवला, दोन चित्रे एक झाली, त्यांनी बटण दाबले. फोटो वाळला तेव्हा डोळे पुसट होते. चेहऱ्यावर कुणी ओले बोट फिरवल्यासारखे. काकांना वाटले, माणूस हलला असेल. दुसऱ्या फोटोतही तेच. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी स्वतःचाच हात बघितला, कापतो की काय म्हणून.

चकती गेल्यामुळे लेन्स कागदभर आत बसली होती, एवढेच झाले होते. खिडकी डोळ्याकडे बोट दाखवायची आणि लेन्स डोळ्याच्या मागे बघायची. भर उन्हात लेन्सचे छिद्र बारीक करून फोटो काढता येतो. मग पुढचे-मागचे सगळेच बऱ्यापैकी स्पष्ट येते आणि चूक झाकली जाते. खोलीतल्या मंद उजेडात छिद्र पूर्ण उघडावे लागते आणि मग चूक उघडी पडते. काकांचे सगळे काम त्या खोलीतले.

एकदा ते चाचरत म्हणाले, “मला वाटतं, कॅमेऱ्यातच काहीतरी झालं असेल.”

सर्वज्ञ तिथेच बसला होता. तो हसून म्हणाला, “दादा, नाचता येईना अंगण वाकडं. वय झालं तुमचं. डोळे गेले, मान्य करा की आता.”

ते वाक्य काकांच्या आत जाऊन बसले, मी जवळून बघितले. नंतर कितीही फोटो बिघडले तरी त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. अशा वेळी कॅमेरा कसा तपासायचा हे त्यांना चांगले ठाऊक होते. पण ज्याचे डोळेच गेले त्याने तपासायचे कशाने? ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, “वयाच्या मानाने उत्तम आहेत.” काकांना वाटले, डॉक्टर मन राखतोय. त्यांनी हट्टाने नवा चष्मा करून घेतला. चष्म्यामुळे खिडकीतले बघणे अधिकच अडचणीचे झाले आणि फोटो तसेच राहिले. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

तरी काकूंच्या सांगण्यावरून मला एकदा कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेण्यात आले. तिथे पंखे, घड्याळे, मिक्सर आणि कॅमेरे एकाच टेबलावर एकमेकांच्या अंगावर पडलेले असत. मेकॅनिकने लेन्सकडे बघितलेही नाही. रेंजफाइंडरचा स्क्रू बाहेरून हाताला लागतो, म्हणून त्याने तोच पिळला. सोपा म्हणून तोच दोषी! वर त्याने माझ्या लेन्सच्या कड्यात शिलाई मशीनचे तेल सोडले. “घट्ट फिरत होती, आता लोण्यासारखी फिरेल,” म्हणाला. ते तेल हळूहळू आत झिरपले, छिद्र लहान-मोठे करणाऱ्या पात्यांवर पसरले आणि त्यावर धूळ बसून चिखल झाला. माझ्या पोटात चिखल, मित्रांनो! आधी फक्त लेन्स खोटे बोलत होती, आता खिडकीही बोलू लागली. आगीतून फुफाट्यात पडणे यालाच म्हणत असावेत.

मग एक दिवस एक शिक्षिका आपला फोटो परत घेऊन आल्या. त्या काउंटरवर फोटो आपटून म्हणाल्या, “काका, माझं कानातलं काय सुरेख आलंय! खडा न् खडा मोजता येतो. पण ओळखपत्रावर मी कान लावू का?”

काकांनी माफी मागितली. फोटो परत घेतला. त्या गेल्यावर ते स्टुलावर बसले आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, “अगं, बोर्ड उतरवू या आता. लोकांचे चेहरे बिघडवायचा मला काही हक्क नाही.”

सर्वज्ञ दुसऱ्याच दिवशी मोजपट्टी घेऊन आला. त्याला त्या खोलीत झेरॉक्सचे मशीन टाकायचे होते. तो राखाडी पडदा बाजूला सारून भिंत मोजत होता, पडद्याला हात पुसत होता आणि वर काकांना धीरही देत होता. मला त्या धीराची सगळ्यात जास्त किळस आली. काका मात्र मान हलवत होते. पापणीचा केस न् केस टिपणारा माणूस स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखा उभा होता.

तो गेल्यावर काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात बिघडलेल्या फोटोंचा गठ्ठा होता. त्यांनी ते सगळे टेबलावर ओळीने मांडले आणि भिंग घेतले.

“इकडे या जरा.”

“काय बघायचंय त्यात? घाण आहे ती.”

“घाणच बघायचीय. हा बघा. कान स्पष्ट. हा? कान स्पष्ट. या बाईंची हेअरपिन स्पष्ट. याची मागची कॉलर. सगळं डोळ्यांच्या मागचंच. एकाही फोटोत नाकाचा शेंडा स्पष्ट नाही.”

“मग?”

“अहो, डोळे गेलेला माणूस कधी पुढे चुकेल, कधी मागे चुकेल, एखाद्या वेळी चुकून बरोबरही येईल. तुम्ही रोज एकाच बाजूला चुकताय. एवढं नेमाने चुकायला तर चांगले डोळे लागतात!”

काका म्हणाले, “तपासायचं तर पुन्हा डोळ्यांनीच तपासावं लागेल.”

“मग माझे घ्या. एवढी वर्षं लोकांच्या तोंडावरचे ठिपके भरतेय, ते काय आंधळेपणाने?”

मित्रांनो, कितीतरी दिवसांनी मला एखादे माणूस आवडले.

काकांनी मला स्टँडवर घट्ट बसवले. माझी पाठ उघडली. जिथे फिल्म असते तिथे त्यांनी ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवला. छिद्र पूर्ण उघडले आणि शटर उघडेच अडकवून ठेवले. आता माझी लेन्स जे बघते ते त्या कागदावर उलटे उमटत होते. काकूंनी वाळवणीची दोरी माझ्यासमोर तिरकी बांधली, जवळून लांब जाणारी, आणि तिला चार-चार बोटांवर वेगवेगळ्या रंगांचे चिमटे लावले. मधला लाल. काकांनी चष्मा काढून ठेवला, खिडकीतून बघत लाल चिमट्याची दोन चित्रे एकावर एक बसवली. मग मागे येऊन कागदावर भिंग धरले.

“कुठला स्पष्ट आहे?” काकूंनी विचारले.

“तू बघ आधी.”

“नाही. आधी तुम्ही सांगा.”

काकांनी पुन्हा वाकून बघितले. खूप वेळ. मग घाबरतच म्हणाले, “निळा. लालच्या मागचा पिवळा, त्याच्याही मागचा. चुकलं असेल माझं.”

काकूंनी भिंग घेतले, वाकल्या, सरळ झाल्या.

“निळाच आहे,” त्या म्हणाल्या.

काका खाली बसले. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता. त्यांचे डोळे शाबूत आहेत हे त्यांना एका निळ्या चिमट्याने सांगितले. काकू सोडून आपल्या माणसांपैकी कुणालाही ते सुचले नव्हते.

नंतर त्यांनी मला खिडकीतून लांबच्या एका धुराड्याकडे वळवले. लेन्स अगदी लांबवर लावली होती, तरी कागदावर धुराडे पुसट होते आणि वरच्या खिडकीत दोन धुराडी दिसत होती. काकांचा आवाजच बदलला. “दोन रोग आहेत,” ते म्हणाले. “लेन्स खोटी आणि खिडकीही खोटी. आधी लेन्स. लेन्स खरी झाल्याशिवाय खिडकीला हात लावायचा नाही, नाहीतर खोट्याला खोटं जुळवत बसू.” त्यांनी टॉवेलला हात पुसले आणि योग्य हत्याराने लेन्स सोडवली. आतले तेल आणि चिखल बघून त्यांनी तोंड वाकडे केले. माझ्या मनातले कुणाच्यातरी चेहऱ्यावर उमटलेले बघून मला फार बरे वाटले. स्पिरिटने सगळे पुसल्यावर लेन्सच्या बैठकीवर एक उजळ गोल खूण दिसली. आजूबाजूचा धातू काळवंडलेला, तेवढेच वर्तुळ लख्ख.

“इथे काहीतरी बसत होतं,” काका म्हणाले.

तेवढ्यात सर्वज्ञ मोजपट्टी घेऊन पुन्हा आला. भिंतीचे एक माप त्याने चुकवले होते, नवल नाही. काकूंनी अगदी गोड आवाजात विचारले, “भावजी, तुम्ही लेन्स साफ केलीत ना, तेव्हा आतून काही निघालं होतं का हो?”

“नाही, काही नाही. हां, एक जास्तीची कडी निघाली होती.” त्याने मोजपट्टीने भिंतीकडे दाखवले. “ती काय, तिथेच तर टांगलीय!”

सांगताना त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट वस्तू जपून ठेवल्याचा अभिमान होता. काका उठले, खिळ्यावरची चकती काढली. तिच्यावर कोळ्याचे जाळे होते आणि जाळ्यात माशीचा एक पाय. त्यांनी ती स्पिरिटने धुतली आणि त्या उजळ वर्तुळावर ठेवली. केसाचाही फरक न राहता ती बसली.

“बघा!” सर्वज्ञ म्हणाला. “मी म्हणतच होतो, दोष कॅमेऱ्यातच असणार.”

एवढ्या वर्षांत मी बुरशी, घाम, तेल, चिखल सगळे सोसले. पण या वाक्याइतके चिकट काही माझ्या अंगाला कधी लागले नाही.

लेन्स बसल्यावर कागदावर धुराड्याची वीट न् वीट दिसली. मग काकांनी रेंजफाइंडरचा स्क्रू अगदी किंचित, परत थोडा मागे, असा फिरवत खिडकीतली दोन धुराडी एक केली. पुन्हा दोरी, पुन्हा चिमटे. लाल जुळवला, कागदावर लालच स्पष्ट आला. जवळचे आणि लांबचे दोन्ही खरे झाले. बोर्ड तिथेच राहिला.

काकू म्हणाल्या, “भावजी, बसा स्टुलावर. पहिला फोटो तुमचाच.”

तो मोठ्या ऐटीत बसला. फोटो वाळला तेव्हा त्यात त्याच्या पापणीचा केस न् केस होता, आणि मिशीत अडकलेला कसलातरी कणही होता. काकूंनी त्यावर कुंचला फिरवायला साफ नकार दिला. “तो त्यांनी स्वतःच आणलाय,” म्हणाल्या.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे आनंदात संपायला हवी होती. माझे सगळे जागेवर आले, काकांचे नाही. म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो, मला हात लावण्याआधी हात धुवा. खोललेल्या वस्तूतून काही उरले तर ते जास्तीचे नसते. आणि एखाद्याचे काम बिघडू लागले तर त्याचे डोळे गेले असे म्हणण्याआधी त्याच्या हातातले हत्यार एकदा बघा. ते बघायला फार वेळ लागत नाही. एक कागद, एक दोरी आणि चार चिमटे पुरतात.

काका आता पुन्हा रोज फोटो काढतात. सगळे डोळे स्वच्छ, जिवंत येतात. पण प्रत्येक फोटो पाण्यातून काढला की ते आधी आतल्या दाराकडे वळतात आणि हाक मारतात, “अगं, जरा बघ ना, डोळे स्पष्ट आहेत ना?” काकू हातातले काम टाकून येतात, बघतात आणि “आहेत हो” म्हणतात. ते पुन्हा विचारतात, “नक्की?” पूर्वी ते कधी कुणाला विचारत नसत. माझ्यातून काढलेली चकती निदान शेजारच्या खिळ्यावर होती. त्यांच्यातून जे काढले गेले, ते कुठल्या खिळ्याला टांगले आहे, ते मी रोज या भिंतीवरून शोधतो. अजून दिसलेले नाही.